धाकटीच्या गल्लीतलं पाणी

वस्तीत जुलाब-उलट्यांची साथ आली, आणि थोरलीच्या पोटात मात्र वेगळ्याच कारणाने दुखायला लागलं. ते कारण म्हणजे तिची धाकटी जाऊ.

दोघी एकाच दवाखान्याच्या सेविका. घरोघर जायचं, पिंपातल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे, आजारी माणूस दिसला की दवाखान्यात धाडायचा. या कामात थोरलीच्या किती चपला झिजल्या, पण ती दिसली की पटापट दारं लागायची. ही बाई माणसं उचलून नेते, अशी तिची ख्याती! आणि काल आलेल्या धाकटीला लोक हाका मारून घरात घेत होते.

"काय जादू करतेस गं?" थोरलीने एकदा न राहवून विचारलंच.

"जादू कसली, जाऊबाई! थेंब टाकते आणि लगेच त्यातलंच पेलाभर त्यांच्यासमोर पिते. मग तेही पितात."

हे आपल्याला सुचलं नाही, याचंच थोरलीला जास्त झोंबलं. पण लगेच आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. थेंब टाकल्यावर पाणी अर्धा तास तसंच ठेवावं लागतं, तोवर जंतू मरत नाहीत. घाईघाईत शिकवलेल्या धाकटीला हे ठाऊकच नव्हतं. थोरली सांगणार, तेवढ्यात पलीकडून कुणीतरी ओरडलं, "धाकट्या बाई, आमच्याकडे कधी येताय?"

थोरलीने तोंड मिटलं. पिऊ दे. फार लाडकी आहे ना!

धाकटीच्या गल्लीत साथ काही आटपेना, तेव्हा थोरलीला मनातून बरंच वाटलं. मग एके सकाळी धाकटीलाच सलाईन लागलं. दीर रडवेला होऊन दवाखान्याच्या पायरीवर बसला. डॉक्टरसाहेबांनी ती गल्ली थोरलीकडे दिली.

पहिलं दार उघडलं नाही. दुसरंही नाही. तिसऱ्या दाराआड लेकरू कण्हत होतं, बाहेर ऐकू येत होतं. थोरलीने दटावलं, मग विनवलं.

"धाकट्या बाईंना पाठवा," आतून बाईचा आवाज आला.

पुढचे शब्द काढणं थोरलीच्या जिवावर आलं. "अगं, मी धाकटीची जाऊ आहे."

कडी निघाली.

पोराचे डोळे खोल गेले होते, पण अजून वेळ गेली नव्हती. थोरलीने बापाला गाडी आणायला पिटाळलं, आपल्या बाटलीतल्या पाण्यात मीठ-साखर कालवली आणि ते पोराला चमच्याचमच्याने पाजायला घेतलं. मधेच उठून पिंपात थेंब टाकले. बाईने लगेच पेला बुडवून पुढे केला.

"घ्या. धाकट्या बाई आधी पितात, मग आम्ही."

"ठेव तो. अर्धा तास थांबायचं असतं. लगेच प्यायलं तर हाच रोग होतो."

बाईचा हात तसाच राहिला. "त्या तर लगेच प्यायच्या. आम्हीपण प्यायलो." तिने पोराकडे पाहिलं, मग थोरलीकडे. "तुम्ही घरच्याच ना? मग त्यांना सांगितलं नाहीत?"

थोरली खाली मान घालून चमचा भरत राहिली.