वायरमनच्या घरचा ब्रेकर

गल्लीत त्यांना सगळे वायरमन म्हणत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण नाव काही निवृत्त झालं नव्हतं. आजूबाजूच्या निम्म्या घरांच्या भिंतींत त्यांच्या हातची वायर होती, आणि ती कुठून कशी गेली आहे हे घरमालकांपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक होतं. माणूस कामाला चोख, स्वभावाला ताठ. दुसऱ्या कुणी केलेला ढिला जोड दिसला की त्यांचा अख्खा दिवस खराब जायचा.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरात गेल्या रविवारपासून ब्रेकर पडत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

निमित्त झालं नव्या कॉम्प्युटरचं. तंत्रशाळेने त्यांना वायरिंगचा वर्ग घ्यायची गळ घातली होती, तोही घरबसल्या, कॉम्प्युटरवरून. चार महिने ते नाही नाही म्हणत राहिले आणि एके दिवशी अचानक हो म्हणाले. त्या दिवसापासून त्यांची दाढी रोज व्हायला लागली, हे फक्त बायकोच्या लक्षात आलं होतं. जावयाला कळताच त्याने सुटे भाग आणले, शनिवार-रविवार खपून स्वतः कॉम्प्युटर जोडला आणि सासऱ्यांच्या डोळ्यांना सोसेल असा ऐसपैस पडदाही लावला. सुरू केला, पडदा उजळला, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि पाचव्या मिनिटाला खट्! घरातली लाइट गेली. ब्रेकर वर केला, पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच.

दुसऱ्या कुठल्या घरात असतं तर एव्हाना भांडण जुंपलं असतं. एक म्हणाला असता तुझा कॉम्प्युटर खराब, दुसरा म्हणाला असता तुमचं वायरिंग जुनं, आणि त्या भांडणातून का होईना, काहीतरी निष्पन्न झालं असतं. पण इथे पडले सासरे आणि जावई. दोघेही एकमेकांशी इतके अदबीने वागायचे की बघणाऱ्याला अवघडल्यासारखं व्हावं.

"वायरिंगच जुनं झालंय, जावईबापू. माझंच काहीतरी चुकलं असणार."

"छे छे, बाबा! तुमचं वायरिंग कसं चुकेल? माझाच एखादा स्क्रू आत पडला असेल."

"अहो, तुम्ही एवढे शिकलेले."

"बाबा, तुम्ही एवढे अनुभवी."

असं करत रविवार संपला. जावई कॉम्प्युटरचा डबा स्कूटरवर बांधून, तपासतो म्हणून घरी घेऊन गेला. इकडे वायरमननी विजेची गळती तपासायचं जुनं मीटर माळ्यावरून काढलं आणि आठवडाभर घरातली तार न् तार पालथी घातली. प्रत्येक बटण खोललं, प्रत्येक पेटी उघडली. वायरिंग ठणठणीत होतं. आनंद व्हायला हवा होता, पण वायरिंग चांगलं म्हणजे जावयाची चूक, आणि ते कुठल्या तोंडाने सांगणार? त्यांनी मीटर परत माळ्यावर टाकलं आणि ते कुणाला काही बोलले नाहीत.

आणि आता पुन्हा रविवार उजाडला होता. वर्ग उद्या सकाळी दहाला.

जावई सकाळीच डबा घेऊन आला. जोडला. दहा मिनिटांत खट्! बिचारा कानकोंडा झाला. "केबलच खराब असेल, नवी घेऊन येतो," म्हणत तो बाजारात गेला. तो गेल्यावर वायरमननी ब्रेकर वर केला आणि काहीच सुचत नव्हतं म्हणून त्याच जुन्या केबलवर कॉम्प्युटर सुरू केला. चालला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, तासभर सुखाने चालला. त्यांनी वर्गासाठी काढलेल्या आपल्या आठ आकृत्या एकामागून एक पडद्यावर लावून पाहिल्या. शेवटी जावई परत आला, दारातच चपला काढून आत बसला, आणि थोड्या वेळाने खट्!

आता आली का पंचाईत. तुम्ही घराबाहेर गेलात की चालतो, असं जावयाला कोण सांगेल?

वायरमन खुर्चीत बसून राहिले. बंद पडद्यात त्यांना स्वतःचाच चेहरा दिसत होता. ज्याच्या घरचा ब्रेकर टिकत नाही तो परक्या पोरांना काय शिकवणार, हा विचार आठवडाभर त्यांना कुरतडत होता. आज त्याने गाठलंच.

"राहू द्या," ते म्हणाले. "शाळेला कळवून टाकतो, जमणार नाही म्हणून. वय झालं आता."

जावयाने हातातला पेचकस खाली ठेवला. सासऱ्यांचा हा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता.

"बाबा, एक सांगू? राग मानू नका. हा डबा माझ्या घरी पाच दिवस चालला. एकदाही लाइट गेली नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार? तुमच्या वायरिंगला नाव ठेवल्यासारखं झालं असतं."

वायरमननी खुर्ची त्याच्याकडे वळवली. मग घसा खाकरून म्हणाले, "मग माझंही ऐका. वायरिंग मी आठवडाभर तपासलंय, त्यात केसाइतका दोष नाही. आणि तुम्ही बाजारात होतात तेव्हा हा तासभर चालला."

दोघांनाही एकदम हसू फुटलं. काय म्हणावं या दोघांना! आठ दिवस दोघांच्याही खिशात अर्धं अर्धं उत्तर होतं, आणि नुसती अळीमिळी गुपचिळी.

वायरमन उठून उभे राहिले. कामाला लागल्यावर त्यांची पाठ सरळ व्हायची, तशी झाली. "कॉम्प्युटर चांगला, वायरिंग चांगलं. मग तुम्ही आलात की या घरात वेगळं काय होतं?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, लाइट आली की सांगा हं. जावईबापूंचा चहा तसाच राहिलाय, किटलीत पाणी आत्ता कुठे तापत होतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

ती विजेची किटली जावयानेच दोन वर्षांपूर्वी हौसेने आणून दिली होती. एरवी चहा गॅसवरच व्हायचा. पण जावई आला की त्याने दिलेली वस्तू वापरात दिसायला हवी, म्हणून सासूबाई ती कपाटातून आवर्जून काढायच्या आणि तो गेला की पुसून परत ठेवायच्या.

मीटर पुन्हा माळ्यावरून खाली आलं. किटलीला तारा लावल्या मात्र, काटा धाडकन पडला. गळती इथेच होती. वायरमननी जावयाला समजावलं, आता जरा शिक्षकाच्या थाटात. हा ब्रेकर मोजतो गळती, म्हणजे जमिनीत किंवा अंगातून निसटणारी वीज. किटली आतून गळत होती, पण एकटी असताना ब्रेकर सोसत होता. कॉम्प्युटर मुळातच थोडासा गळतो, त्यात गैर काही नाही, पण दोघांची बेरीज झाली की ब्रेकर पडायचा. बोलता बोलता त्यांनी किटलीची पिन खोलली आणि ती डोळ्यांजवळ नेली. अर्थिंगची तार केसासारख्या दोन बारीक धाग्यांवर लटकत होती. ती टेकलेली असली तर गळती जमिनीत जाणार. सुटली तर किटली धरणाऱ्याच्या हातात.

त्यांनी बायकोला हाक मारली. "अगं, हिला हात लावल्यावर कधी काही लागायचं का?"

"झिणझिण ना? लागायची की कधीकधी. मी आपली फडक्याने धरायची."

"कधीपासून?"

"झालं असेल दीड वर्ष."

"दीड वर्ष! आणि मला सांगितलं नाहीस? मी वायरमन आहे गं!"

"म्हणूनच नाही सांगितलं," ती सहज म्हणाली. "एक तर जावयाची वस्तू. आणि तुमच्या घरात करंट लागतो म्हटलेलं तुम्हाला चाललं असतं का?"

वायरमननी पिन टेबलावर ठेवली. गल्लीभर लोकांची घरं सुरक्षित करत फिरलो आणि आपल्याच घरातल्या माणसाने आपल्या रुबाबापायी दीड वर्ष फडकं वापरलं. त्यांना लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत लाज वाटली. त्यांनी बायकोचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. जावई समोर आहे हे लक्षात येऊन ती म्हणाली, "पुरे आता, धडधाकट आहे मी." मग चहा गॅसवर झाला. जावयाने दोन कप घेतले आणि हाच जास्त चांगला लागतो असं पहिल्यांदा खरं सांगून टाकलं.

सोमवारी दहाला पडद्यावर चौदा चौकोन आणि चौदा चेहरे उमटले. आठ आकृत्या तयार होत्या. वायरमननी त्यांतली एकही लावली नाही.

"वह्या मिटा," ते म्हणाले. "उठा, आणि घरात जे कुणी असेल त्याला विचारून या, कुठल्या वस्तूला हात लावताना झिणझिण लागते का, भीती वाटते का. विचारताना मोठा आवाज करायचा नाही, आणि काही सांगितलं तर हसायचं नाही. जा."

चौदा खुर्च्या रिकाम्या झाल्या. वायरमन थांबून राहिले. हळूहळू मुलं परत येऊ लागली. एकीची आई मिक्सर लाकडी चमच्याने बंद करायची. एकाची बहीण फ्रिज उघडायच्या आधी चपला घालायची. बऱ्याच जणांकडे काहीच नव्हतं, तेही त्यांनी ऐकून घेतलं. सगळ्यांत शेवटी एक दांडगा मुलगा येऊन बसला. त्याने वही उघडली आणि परत मिटली.

"काय रे?"

"सर, आमचे आजोबा न्हाणीघरातलं बटण काठीने दाबतात. आम्ही त्यांची नक्कल करायचो. आम्हाला वाटायचं, म्हातारपण आहे."

वायरमन पडद्याकडे सरकले.

"आधी न्हाणीघराचा ब्रेकर खाली कर," ते म्हणाले, "आणि मग आजोबांना इकडे घेऊन ये. काय काय होतं ते आपण सगळे त्यांच्याकडूनच ऐकू."