नरहरी सरांच्या पथकाची शिट्टी

मित्रांनो, मला ओठांना लावाल तर आधी पितळेची किंचित तुरट चव लागेल. मी एक जुनी शिट्टी आहे. माझ्या अंगावरचा पांढरा मुलामा कडेकडेने उडाला आहे आणि तोंडापाशी दातांच्या दोन खुणा आहेत. तरी माझा आवाज शाळेच्या मैदानावरून ओढ्यापलीकडच्या शेतापर्यंत जातो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा कापून, दाबून, वळवून मला आकार दिला. एका कामगाराने मला फुंकून पाहिले आणि "चालेल" म्हणून पेटीत टाकले. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. याहून मोठी शाबासकी मला पुढेही क्वचितच मिळाली.

पुण्यातल्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानातून नरहरी सरांनी मला उचलले. मुळशी तालुक्यात, उरवड्याच्या पुढे, एका गावातल्या शाळेत ते इतिहास शिकवत. त्या वर्षी त्यांनी शाळेत स्काऊट-गाईडचे पथक सुरू केले होते. त्यांनी मला पांढऱ्या विणलेल्या दोरीत ओवले आणि गळ्यात घातले. माझी जागा ठरून गेली: सदऱ्याच्या डाव्या खिशावर. फुंकले की सरांचा श्वास माझ्यातून जाई आणि एरवी त्यांच्या छातीची धडधड मला ऐकू येई.

दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की माझे काम सुरू होई. एक लांब शीळ म्हणजे शांत व्हा. लहान लहान तुटक शिळा म्हणजे धावत या, गोल करा. मुले दोरीच्या गाठी शिकत, तंबू उभारत, जखमेला पट्टी बांधत, नकाशावरून वाट शोधत. शाळेतून बाहेर पडताना मैदानावरचा कचरा उचलत. दोन-तीन दिवसांच्या शिबिरात चूल पेटवून स्वतःचे जेवण स्वतः करत. मीठ कमी पडले तर तसेच खात.

पालकांना मात्र हे पटकन उमगत नसे. उरवड्याच्या कारखान्यात काम करणारे विकास मोहोळ आपल्या वेदांतचे नाव द्यायला आले तेव्हा म्हणाले, "सर, याचे मार्क किती मिळतात?"

"मार्कांचं माहीत नाही," सर म्हणाले. "पण सकाळी उठून स्वतःचं अंथरूण आवरायला लागतो."

"मग मलाच घ्या ना पथकात! बायको पेढे वाटंल."

सर हसले आणि त्यांनी विकासरावांशी हात मिळवला. मित्रांनो, तो हात उजवा होता हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथूनच झाला.

सर तोवर निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती, तरी पथक त्यांच्याकडेच होते. मुलींचे बघायला प्रियंका मॅडम असत. विकासराव बाजूला झाले आणि त्यांच्या मागून लिलाबाई पुढे आल्या. त्या डोंगरावरच्या वाडीत राहतात. रानातून भाजी खुडून आणतात आणि रस्त्याच्या कडेला बसून विकतात. त्यांच्याबरोबर त्यांची राणी होती, सहावीतली. सरांनी वाकून राणीपुढे हात केला. डावा. राणीने आनंदाने आपला डावा हात दिला.

स्काऊट-गाईड एकमेकांशी डाव्या हाताने हस्तांदोलन करतात. जगभर करतात. सरांना त्या सवयीत तीस वर्षे झाली होती. पथकातल्या मुलांना डावा, बाहेरच्या माणसांना उजवा, हे त्यांच्या हातांनाच पाठ झाले होते. वेदांतचाही डावा हात त्यांनी तासाभरापूर्वी मैदानावर धरला होता, पण ते लिलाबाईंनी पाहिले नव्हते. त्यांनी एवढेच पाहिले की कारखान्यातल्या साहेबाला उजवा हात मिळाला आणि आपल्या पोरीला डावा.

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांचे डोळे मला दिसले. मला वाजता येते, बोलता येत नाही. लिलाबाईंनी राणीचा हात सोडवून घेतला, पदराला पुसला आणि त्या तिला घेऊन निघून गेल्या.

पुढच्या शनिवारी राणी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शाळेत येई, पण मी वाजले की दप्तर उचलून फाटकाकडे चालू लागे. सरांना वाटले, गणवेशाची अडचण असेल. त्यांनी एका मोठ्या झालेल्या मुलीचा चांगला गणवेश आणवला, धुऊन, इस्त्री करून प्रियंका मॅडमच्या हाती पाठवला. तो होता त्याच घडीत परत आला.

"घेतला नाही, सर," मॅडम म्हणाल्या. "म्हणाल्या, गुरुजींना सांगा, आम्हाला काय बी कमी न्हाई."

रविवारी सर स्वतःच वाडीकडे निघाले. डॉक्टरांनी त्यांना चढ चढायला मनाई केली होती. हे त्यांच्या मुलीला, साधनाताईला, ठाऊक होते आणि मला. ती बावधनला राहायची, त्यामुळे अडवायला तिथे कोणी नव्हते. वाटेत सर चार वेळा थांबले. प्रत्येक वेळी त्यांच्या छातीत श्वासाची बारीक शीळ वाजत होती. माझ्यासारखीच, पण हवीशी नव्हे.

लिलाबाई दारात बसून कुर्डूची भाजी निवडत होत्या. त्यांनी सरांना बसायला पोते टाकले, तांब्या पुढे ठेवला आणि पुन्हा भाजी निवडायला लागल्या.

"राणीला का पाठवत नाही, लिलाबाई?"

"इचारायला येवढा डोंगार चढला व्हय? आन् धाप बगा केवढी."

"विचारल्याशिवाय कळणार कसं?"

"तुमाला ठावं न्हाई?" त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "त्या सायेबाला उजवा हात दिलात. माज्या पोरीला डावा. आमी वाडीवरली मानसं, गुरुजी. वरून वतल्यालं पानी लई प्यालोया आमी. पर साळंत असं व्हईल असं वाटलं न्हवतं."

सरांच्या काळजाचा त्या क्षणी एक ठोका चुकला. मी सांगते ना, मला ऐकू आले.

मग त्यांनी समजावून सांगितले. डावा हात काळजाच्या बाजूचा. आमच्यात अशीही गोष्ट सांगतात की पूर्वी लढवय्ये डाव्या हातात ढाल धरत. डावा हात पुढे करायचा तर ढाल खाली ठेवावी लागे. म्हणजे, तुझ्यापासून मला भीती नाही, तू माझा. पथकातल्या प्रत्येकाला तोच हात मिळतो.

लिलाबाईंनी सगळे ऐकून घेतले. "गोष्ट ग्वाड हाय," त्या म्हणाल्या. "पर आदी का न्हाई सांगितली?"

"चुकलं माझं," सर म्हणाले. "मुलांना पहिल्या दिवशी सांगतो. त्यांच्या घरच्यांना सांगायचं तीस वर्षांत सुचलं नाही."

"बरं, मंग आता माजं ऐका. त्या शिबिरात पोरी कुटं निजनार?"

"शाळेच्या खोलीत. प्रियंका मॅडम त्यांच्यासोबत. पुरुष कोणी त्या बाजूला नाही."

"सैपाक?"

"मुलंच करतात. आम्ही शेजारी उभे असतो."

"आन् भांडी?" लिलाबाई थेट सरांकडे बघत होत्या. "भांडी कोन घासनार? माजीच पोरगी ना?"

"पाळी असते. पाच गट आहेत. कुणाची पाळी कधी, ते फळ्यावर लिहिलेलं असतं."

"फळा मला वाचाया येत न्हाई. मी सोता येऊन बगनार. न सांगता येनार."

"या," सर म्हणाले. "सांगून आलात तर मजा नाही."

तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. निघताना सरांच्या हातात भाजीची जुडी दिली आणि पुढच्या शनिवारी राणी गोलात येऊन उभी राहिली. त्यानंतर नाव नोंदवायला येणाऱ्या प्रत्येक घराला सर डाव्या हाताची गोष्ट आधी सांगू लागले.

डिसेंबरात शाळेच्या आवारातच शिबिर झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी लिलाबाई खरोखरच न सांगता आल्या. नळापाशी वेदांत खिचडी लागलेले भले मोठे पातेले घेऊन बसला होता.

"आरं ए, गोंजारतुयास का त्याला? राख घे, जोर लाव!"

"आजी, निघतच नाही हो."

"आजी कुनाला म्हनतोस रं? घास गप."

मग त्या फळ्यापाशी गेल्या. राणीला म्हणाल्या, "तुजं नाव दाव." राणीने बोट ठेवले. "हे बघ, आय. सकाळी आमी घासली. दुपारी ह्यांची पाळी. रातीला तिसऱ्या गटाची." लिलाबाई बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत उभ्या होत्या. त्या दिवशी संध्याकाळी राणीला पथकात रीतसर घेतले आणि तिला गळ्यात बांधायचा पथकाचा स्कार्फ मिळाला.

फेब्रुवारीत सर गेले.

साधनाताईने मला त्यांच्या हातरुमालात गुंडाळले आणि बावधनला आपल्या कपाटात ठेवले. शाळेचा निरोप आला की शिट्टी काचेच्या कपाटात ठेवू, खाली सरांचे नाव लिहू. तिने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. कधी कधी ती रुमाल उघडे, माझ्याकडे पाही, पुन्हा गुंडाळे. मला धूत मात्र नसे. का, ते मला कळत होते. शेवटचे मला सरांनी वाजवले होते.

जून आला. शाळा सुरू झाली, पथक सुरू झाले नाही. सरांच्या जागी उभे राहायला प्रियंका मॅडम धजत नव्हत्या. हे मला कळले ते लिलाबाईंमुळे. पत्ता विचारत, दोन बस बदलून, त्या एके दिवशी साधनाताईच्या दारात आल्या. बरोबर भाजीची पिशवी होती.

"ताई, शनवार आला की राणी स्कार्फ घालून मैदानाच्या कडंला उबी ऱ्हाती. गुरुजी ग्येले, ह्ये तिला कळतंय. मॅडमला इचारलं, तर म्हनत्यात, माज्यानं न्हाई व्हनार. शिट्टी बी न्हाई, गुरुजी बी न्हाईत." त्या थोड्या थांबल्या. "मी डोळं भरून फळा बगितलाय, ताई. आता पोरगी कुटं धाडू?"

साधनाताईने त्यांना चहा दिला. स्वतःचा तसाच गार होऊ दिला. लिलाबाई गेल्यावर तिने कपाट उघडले, मला बाहेर काढले आणि कोमट पाण्याखाली धरले. सरांचा श्वास माझ्यात कुठे उरला असेलच, तर तो त्या पाण्याबरोबर गेला. मी स्वच्छ झाले, तरी तिने नळ लगेच बंद केला नाही.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, ती शाळेत आली. मैदानावर मुलांसमोर तिने मला प्रियंका मॅडमच्या गळ्यात घातले. "मला जमेल का गं?" मॅडम पुटपुटल्या. "बाबांनाही पहिल्या वर्षी जमत नव्हतं," साधनाताई म्हणाली. मॅडमनी फुंकले. पोटात पाणी राहिल्याने माझ्यातून नुसता बुडबुड आवाज निघाला. पोरे खो-खो हसली, वेदांत सर्वांत मोठ्याने. मॅडमही हसल्या. मग त्यांनी मला झटकले आणि पुन्हा फुंकले. लहान, तुटक, एकामागून एक. सगळी धावत सुटली. गोल पुरा झाला तेव्हा राणी आपल्या गटाच्या पुढे उभी होती.

मित्रांनो, पथकात यायचे असेल तर आईवडिलांना बरोबर आणा. कुठे निजणार, कोण सोबत असणार, भांडी कोण घासणार, मनात येईल ते त्यांना विचारू द्या. आणि काही खटकले तर मनात ठेवून घरी जाऊ नका, सांगा. विचारलेल्या प्रश्नाने पथक मोडत नाही. माझ्यासाठी मागायचे एवढेच: वापर झाला की मला धुवा, कोरडी पुसा, वेळ आली की पुढच्या माणसाच्या गळ्यात घाला. मला जपायचे ते वाजवून जपा.