दारातली फौजदारीण

दगड कापायच्या कारखान्यात बावीस वर्षं काढून नवरा घरी बसला, तो छातीत तिथली भुकटी भरूनच. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं. बिचाऱ्याने डोळे पांढरे होईस्तोवर फुंकलं, तरी कागदावरची रेघ जेमतेम वर चढली.

"फुप्फुसं निम्मीसुद्धा चालत नाहीत," डॉक्टर बायकोला म्हणाले. "यांना साधी सर्दीही व्हायला नको. न्यूमोनिया झाला तर सावरणं कठीण."

झालं! बाईने दारातच ठाण मांडलं. सख्ख्या दिराने नुसतं नाक ओढलं, तर त्याला बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं. तो फुगला तो फुगलाच. कारखान्यातले सोबती तिला फौजदारीण म्हणायचे आणि खिडकीबाहेरूनच गप्पा हाणायचे. नवरा हसायचा, हसला की खोकायचा, मग ती त्यांनाही हाकलायची.

आणि एका रविवारी भांडी घासता घासता तिलाच शिंक आली.

बहिणीकडे जाऊन राहावं, तर यांना उठवून बसवणार कोण? दिराला बोलवावं, तर कुठल्या तोंडाने? तिने नाकातोंडावर फडकं बांधलं. नवऱ्याने विचारलं, तर म्हणाली, "कपाटं झाडतेय. धूळ उडते." चार दिवस ती त्याच्यापुढे जेवण ठेवून लांब सरकायची. पण आंघोळ घालायला, पाठ चोळायला जवळ जावंच लागे.

पाचव्या दिवशी दुपारी त्याचं अंग भट्टीसारखं तापलं. दोन शब्द बोलायलाही श्वास पुरेना. दवाखान्यात छातीचा फोटो काढला, आणि ज्याची भीती होती तेच निघालं.

"मीच केलं हो हे," खाटेशी उभी राहून ती रडायला लागली. "मला सर्दी झाली होती. मी लपवली."

त्याने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क जरा वर उचलला. "ठाऊक होतं. रविवारीच... शिंक ऐकली मी."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो... तर तू गेली असतीस."

"गेले असते तर आठवड्यात परत आले असते ना!" ती ओरडलीच. "तुम्ही कुठे निघालात?"

नर्सने मास्क पुन्हा नीट बसवला, आणि तो सगळा जीव एकवटून पुढचा श्वास घ्यायला लागला.