पाळीवरचा बुडबुडा

० मि.मी.

आलेखावरची रेघ सरळ होती. गुंजनला ती सरळच आवडायची. दर बारा दिवसांनी उपग्रह तिरोड्यावरून जायचा, रडारची लाट खाली सोडायचा, आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, बसवलेला पत्र्याचा कोपरा ती लाट परत वर पाठवायचा. पाळ खचली, तर लाटेला परतायला केसभर उशीर. बाकी पाळीवर नुसतं गवत; रडारला नीट दिसेल असा हा एकच पत्रा.

वर्षभर: शून्य, एक, शून्य.

तिनं अहवालात लिहिलं, पाळ स्थिर आहे. त्यावर विसंबून सांडव्याला फळ्या लागल्या. धानासाठी दीड फूट पाणी जास्त अडलं.

० मि.मी., तरीही

पोळा झाल्यावर ती पत्र्यावर वेल चढली का ते पाहायला आली. वेल नव्हती. पत्रा लख्ख, वर कुंकवाचं बोट. शेजारी पाळीचा चौकीदार केवलराम उकिडवा बसलेला.

"काका, पूजा करून राहिले का याची?"

"मी नाई. बायजाबाईनं केली. म्हणे आपल्या डोक्यावर बसला हाय, त्याले नाराज कायले करा."

बायजाबाई त्याची बायको. पाळीच्या पायथ्याचं पहिलं घर त्यांचं.

गुंजन हसली. मग तिला पत्र्याचा पुढचा पाय दिसला. पायाखाली छपराच्या कवेलूचे तुकडे, एकावर एक.

"हे कोणी ठेवलं?"

"मीच. बुडबुडा सरकून राहिला होता ना."

बुडबुडा. पत्र्याला चिकटवलेली, पातळी दाखवणारी काचेची नळी. बसवायच्या दिवशी तिनंच बजावलं होतं: काका, हा मधातच राहिला पाहिजे. पत्र्याचं तोंड हलू देऊ नका.

"किती वेळा ठेवलं?"

"सरकला का एक खुपसला. तुमी सांगतलं अन् मी करणार नाई, असं होते का?"

? मि.मी.

तिनं तुकडे काढले. सहा. पत्रा हळूच गावाकडे कलला. पट्टी लावली.

पाळ खचत होती. केवलराम पत्रा वर उचलत होता. वरून पाहणाऱ्याला काहीच घडत नव्हतं.

केवलराम पट्टीकडे पाहत राहिला. "माह्यानं चुकलं का, बाई?"

"नाही काका. मी सांगितलं ते चुकलं."

तिनं गोंदियाला पाटबंधारे खात्याच्या हेमेंद्र साहेबांना फोन लावला.

"मॅडम, रिपोर्ट में तो झिरो है. सही तुमचीच आहे."

"रिपोर्ट चुकला सर. चूक माझी. फळ्या आजच काढा."

"लोक धावून येतील अंगावर. बारा दिन में सॅटेलाइट फिर पास होगा ना? तेव्हा कन्फर्म करू."

"बारा दिवस पाळ थांबेल याचा आकडा माझ्याकडे नाही."

"लेखी पाठवा."

तिनं तुकडे पट्टीशेजारी मांडले, फोटो काढला, खाली 'माझी चूक' लिहून पाठवला. मान वर केली तर केवलराम लोखंडी सब्बल घेऊन सांडव्याकडे निघालेला.

"काका, ऑर्डर नाही आली अजून."

"येईल तवा येईल. बायजाबाई घरीच हाय."

− ५८ मि.मी.

फळी फुगून बसली होती. सब्बल घसरली, परत लागली. पलीकडच्या शेताच्या धुऱ्यावरून कोणीतरी ओरडलं, "अबे केवल्या, पानी काऊन सोडून राहिला?" दोन माणसं धुऱ्यावरून चालत येऊ लागली.

फोन वाजत होता. गुंजननं तो खिशात टाकला आणि फळीचं दुसरं टोक धरलं.