सहा ठिपक्यांचा

“आजबी न्हाय,” मीरासाबमामांनी शेवटचा पेला माझ्यासमोर उपडा केला. दोन मुंग्या, एक गोम. शाळेच्या व्हरांड्यात बसून मी रडकुंडीला आले.

नेसरीच्या वरच्या देवराईत पाठीवर सहा पांढरे ठिपके असलेला काळा भुंगेरा असल्याची जुनी नोंद होती. तो अजून आहे का, हे बघायला मी कोल्हापूरहून महिनाभर येऊन राहिले होते. तोंडापर्यंत जमिनीत पुरलेल्या पेल्यात चालता किडा पडतो, खालच्या स्पिरिटमध्ये मरतो. पेले पुरून रोज मला आणून द्यायचं काम मामांचं. तीस वर्षं जंगलात मजुरी केलेला, खैरुनबीमामींच्या भाकरीवर आणि स्वतःच्या बढायांवर जगणारा हा माणूस मला फार आवडायचा.

“मामा, उद्या कोल्हापुरात सरांना अहवाल द्यायचाय. राईतला भुंगेरा संपला, असंच लिहिणार.”

“संपला?” मामांचा चेहरा पडला. “पोरी, शिव्या घाल पायजे तर. पेलं म्या राईत पुरलंच न्हाईत. गडग्याच्या भाईर पुरलं की समदं.”

“मामा! महिना घालवलात माझा!”

“राईतनं वाळकं पानबी भाईर न्यायचं न्हाय. जित्तं जनावर मारून कसं न्हिऊ? पर संपला म्हून लिवू नगंस. चल, दावतो.”

मी तणतणत निघाले. राईभोवतीच्या दगडी गडग्याशी आम्ही चपला काढल्या. आत मामांनी एक कुजका ओंडका हलकेच उचलला. खालून तो निघाला, ऐटीत, आणि मामांच्या तळहातावर चढला. माझा सगळा राग तिथंच गेला.

“डोळं लांब ठेव, पिचकारी मारतोय.” मग मामांनी तळहात माझ्या बाटलीसमोर धरला. “घे. तुझं शिक्षान बुडाय नगं.” म्हणाले, पण तोंड दुसरीकडे फिरवलं.

मी रिकाम्याच बाटलीचं झाकण लावलं आणि फोटोसाठी फोन काढला. मापाची पट्टी शाळेतच राहिली होती. मामांनी किड्याशेजारी अंगठा धरला.

“नमुना नाही, पट्टी नाही. हा अंगठा कुणाचा?” दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात फोटो बघून सर खेकसले.

“राखणदाराचा,” मी म्हटलं.

सर कुरकुरले, पण नोंद घेतली. अहवालात तो फोटो आहे. सहाही ठिपके मोजता येतात. पिचकारी अंगठ्यावर बसून कातडं भाजलं होतं, हे मामांनी चपला घातल्यावर सांगितलं. फोटो जराही हललेला नाही.