तार मधून लाल व्हायला हवी

"लेंकाला धर गं, शिंकली तर सगळा कापूस उडेल," सासरे म्हणाले. मान वर केलीच नाही त्यांनी.

मी माझ्या लेकीला उचलून कडेवर घेतलं. दीड वर्षाच्या माणसाला दिसेल ते तोंडात घालायचं असतं, आणि त्या टेबलावर तर मेजवानीच मांडली होती. चिमटा, छोटी कात्री, केसासारख्या तारेचं रीळ, कापसाची पट्टी, आणि बशीत सुटी करून ठेवलेली सासूबाईंच्या व्हेपची, म्हणजे विजेवरच्या सिगारेटची, कॉइल. बोटाच्या पेराएवढी धातूची नळी, रबराचं कडं, तळाची इवलीशी खुंटी. नव्या तारेचे वेढे बाबांनी ड्रिलच्या बिटाच्या गुळगुळीत दांड्यावर घेतले होते. ते नळीत बसवून त्यांनी व्हेपचा खटका दाबला.

"बघ, कुठून लाल होतेय?"

मी वाकून पाहिलं. डावं टोक आधी पेटलं. मधला भाग मागाहून, कुणी ढकलल्यासारखा.

"डावीकडून, बाबा."

त्यांनी चिमट्याने वेढे सारखे करायला घेतले. चिमटा वेढ्यांपर्यंत पोचता पोचता दोनदा भलतीकडेच गेला. पुन्हा खटका दाबला.

"आता?"

"आता जरा बरं आहे."

"बरं म्हणजे? कॉइल बरी-बिरी नसते पोरी. एक तर चालते, नाहीतर जळते."

पण तिसऱ्यांदा त्यांनी खटका दाबला नाही. कापूस ओवला, त्यावर, ज्याची वाफ ओढायची त्या चेरीच्या वासाच्या द्रवाचे थेंब सोडले आणि पाठ ताठ करून खुर्चीत बसले. दर शनिवारी हे काम झालं की बाबा असे बसतात. आठवड्यात एरवी कधीच नाही.

अंगणाचं फाटक करकरलं. सासूबाई आल्या त्या धुराचा लोट बरोबर घेऊनच.

"झाली का माझी किटली?"

व्हेपला त्या किटली म्हणतात, ती गुळगुळ वाजते म्हणून.

"झाली, राणीसाहेब. पण तू काय धुराड्यातून उतरून आलीस?"

"शेजारी पेर्साकडे अजून दोन पोती मिरच्या भाजायच्यात. ये की तू मदतीला, मग बघते तुझा गोरा रंग कुठे जातो ते."

सप्टेंबरात आमच्या बेचेय गावात प्रत्येक अंगणात चूल पेटलेली असते. लाल, जाड्या मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, घोटायच्या आणि आयवार नावाची चटणी करून हिवाळ्यासाठी बरण्या भरायच्या. अख्ख्या गावाच्या कपड्यांना एकच वास. कोण कुठला धूर अंगावर घेऊन आलं, कुणाच्या बापाला कळणार नाही.

आईंनी दारात उभं राहून, तोंड अंगणाकडे करून एक झुरका घेतला. लेंका घरात आल्यापासून त्या अशाच दारात उभ्या राहतात. क्षणभर त्यांचे डोळे मिटले. मला वाटलं, सुखाने.

"अमृत आहे रे," त्या म्हणाल्या. आवाज जरा बसका लागला. "त्या दुकानातल्या पोराला सात जन्मांत नाही जमायची."

बाबांनी बशी पुसायला घेतली. खुश झाले की ते काहीतरी पुसायला घेतात.

दोघं एकाच कारखान्यातली. नदीकाठचा विजेच्या मोटारींचा कारखाना बंद पडला, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तिथे तार गुंडाळायच्या, वाइंडिंगच्या लांब हॉलमध्ये सगळ्या बायकाच होत्या. बाबा त्या हॉलमधले एकमेव पुरुष वाइंडर. बायका त्यांना 'स्रेतेनबाई' म्हणायच्या, हे आई अजून पाहुण्यांना हसून हसून सांगतात. सुट्टीच्या घंटेला सगळ्या बाहेर भिंतीपाशी उन्हात उभ्या राहायच्या आणि ल्युबिंका नावाची एक नवी मुलगी एकटीच लांब, हाताची घडी घालून. तिला काय बोलावं हे बाबांना सुचेना. म्हणून त्यांनी तिच्यापुढे सिगारेट धरली.

ती काही ओढणारी नव्हती. पण तिलाही काय बोलावं हे सुचत नव्हतं, म्हणून तिने घेतली.

असं त्यांचं लग्न झालं. बाबांनी सिगारेट केव्हाच सोडली. आईंना ती काही सुटली नाही. मी या घरात आले त्या वर्षी दवाखान्यात आईंना एका नळीत फुंकायला लावलं, आणि डॉक्टरीणबाई बाबांकडे बघून म्हणाल्या, फुफ्फुसाचं जे गेलं ते परत येत नाही, उरलंय तेवढं तरी राखा. दुसऱ्या दिवशी ही किटली आली. आईंनी नाकं मुरडली, शिव्या घातल्या, आणि मग खरंच सिगारेटी सोडल्या. पुढे त्या किटलीच्या कॉइल बाजारात मिळेनाशा झाल्या. दुकानदार म्हणाला, नवं घ्या. बाबा म्हणाले, "नवं कशाला? वळायचीच आहे ना तार? आयुष्यभर दुसरं काय केलं मी?"

नेमान्या, माझा नवरा, ट्रक घेऊन आठवडा-आठवडा बाहेर असतो. त्याला फोनवर मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा काहीतरी करताहेत? टेबलाशी बसून?" कारखाना गेल्यापासून त्याने वडिलांना फक्त खिडकीशी बसलेलं पाहिलं होतं.

आई अमृत म्हणाल्या त्या शनिवारनंतरच्या आठवड्यात रिकाम्या बरण्या पोचवायला मी पेर्सामावशींकडे गेले. त्या आमच्या शेजारी, कुंपणापलीकडच्या. लेंका झोपली होती, म्हणून पावलं न वाजवता गेले, सवयच लागलीय तशी. मागच्या पत्र्याच्या स्वयंपाकघरात चुलीवर मिरच्या तडतडत होत्या. आई बाकावर बसल्या होत्या आणि त्यांच्या बोटांत सिगारेट होती. खरीखुरी. समोर कॉफीचा कप, त्याच्या तळाशी गाळ, आणि त्या गाळात चिमट्याने धरून आई काहीतरी बुचकळत होत्या. बाबांनी शनिवारी दिलेली कॉइल होती ती.

"आली का पोलीस," पेर्सामावशी म्हणाल्या. "घे, बस. आता तुलाही कॉफी पाजावी लागणार."

आईंनी सिगारेट लपवली नाही. एवढंच म्हणाल्या, "पोरगी उठली?"

"नाही. आई, हे काय करताय तुम्ही?"

"रंगवतेय. परत द्यायच्या वेळी वापरलेली दिसायला नको? कापूस पांढराफेक राहिला तर त्याला कळेल."

"ही अक्कल माझी हं," पेर्सामावशींनी मिरची उलटवत सांगितलं. "ही येडी चहात बुडवत होती. चहाचा कुठे रंग चढतो?"

मला हसू आलं नाही. माझ्याकडे बघून मावशींचंही गेलं.

"जळकी लागते गं," आई हळूच म्हणाल्या. "उन्हाळ्यापासून. पहिल्याच झुरक्याला घसा सोलून निघतो. त्याचे हात बघितलेस ना तू? वेढे कसेही पडतात, एका बाजूची तार जास्त तापते, तिथला कापूस करपतो. मी त्याच हॉलमध्ये काम केलंय, मला न सांगता कळतं."

"मग सांगा ना त्यांना."

"काय सांगू? की स्रेतेन, तुझ्या हातातली ही शेवटची गोष्टही गेली?" त्यांनी राख चुलीत झटकली. "शनिवारी कसा ताठ बसतो बघ. त्याच्यासमोर एक झुरका घेते, अमृत म्हणते, झालं. दोन-तीनच ओढते मी दिवसाला. इथे धुरात कळत नाही."

एवढं बोलून त्यांना खोकला लागला. तो थांबेचना. मावशींनी पाणी दिलं, मी पाठ चोळली. नाइटीच्या पातळ कापडाखाली त्यांच्या फासळ्या हाताला लागत होत्या. मला आपलं वाटत राहिलं, लेंकाला ढेकर येण्यासाठी मी पाठ थोपटायचे तशीच ही पाठ, फक्त इथून काही सुटत नाहीये.

"दुन्या, त्याला बोलू नकोस," खोकला ओसरल्यावर त्या म्हणाल्या.

मी नाही बोलले. बोलायची वेळच आली नाही.

शनिवारी बाबांनी बशी मांडली, नेहमीसारखी. आई पेर्सामावशींकडे गेल्या होत्या. बाबांनी खुंटी ओढून काढली, रबराचं कडं बाजूला ठेवलं, चिमट्याने जुना कापूस बाहेर घेतला आणि मग कितीतरी वेळ तो तसाच उजेडात धरून ठेवला. चिमटा थरथरत होता, पण तो तर नेहमीच थरथरायचा.

"लेंकाला खाली ठेव," ते म्हणाले. "इकडे ये. वास घे."

मी घेतला. चेरीचा नव्हता.

"जळका कापूस तारेपाशी काळा होतो, टोकांना उजळ राहतो. हा बघ. टोकांना गडद आणि मधे, तारेच्या खाली, पांढरा." त्यांनी नखाने एक बारीक कण उचलून बशीच्या कडेला ठेवला. कॉफीचा गाळ होता. "बाहेरून आत गेलाय हा रंग."

लेंका टेबलाच्या पायाला धरून उभी होती आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"सिगारेटी ओढते?"

मी होकारार्थी मान हलवली.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. त्यांना तुम्हाला वाईट वाटायला नको होतं, बाबा."

त्यांनी चिमटा ठेवला आणि आपले दोन्ही हात पालथे टेबलावर ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. परक्याच्या पोरांनी आपल्या अंगणात नासधूस केली की बघतो ना आपण, रागावता येत नाही, तसं.

"पहिली मीच दिली होती तिला," ते म्हणाले. "त्या भिंतीपाशी. नुसतं नाव विचारलं असतं तरी चाललं असतं." मग, "आणि उन्हाळ्यापासूनच्या या सगळ्याही मीच दिल्या."

"तसं नका म्हणू."

"मला कळत नव्हतं असं वाटतं तुला? गेल्या शनिवारी दुसऱ्यांदाही डावीकडूनच पेटली होती ती. तू बरं म्हणालीस, मी मानून घेतलं. मानून घ्यायचंच होतं मला."

बाहेर कुणाच्या तरी अंगणात मिरच्यांचं टोपलं ओतल्याचा आवाज आला. बाबा उठले. खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बस."

"मी? बाबा, मला कुठे…"

"बस म्हणतो ना."

ते माझ्या मागे उभे राहिले, हात पाठीशी बांधून. तार माझ्या बोटांत अशी होती की आहे की नाही तेच कळेना.

"ओढू नकोस तिला. ती आपण होऊन येते. लेंकाचे केस कसे विंचरतेस? ती रडू नये म्हणून?"

"वर धरून."

"तसंच. वर धर आणि फिरव. वेढ्याला वेढा लागू दे. घाई नाही कुणाला."

पहिली वाकडी झाली. दुसरी सुटली. एक तर लेंकाने पळवली, तिच्या मुठीतून काढेपर्यंत दोघींचं रडणं-ओरडणं झालं. बाबा चिडले नाहीत. हॉलमध्ये नव्या मुलींना तेच शिकवायचे, हे मला आईंकडून ठाऊक होतं. या दोन-तीन वर्षांत त्यांनी मला, नेमान्याला, कुणालाच कधी बोलावलं नव्हतं आणि आम्हीही कधी शेजारी खुर्ची ओढली नव्हती. टेबलाशी बसलेत ना, खुश आहेत ना, म्हणून आम्ही लांबूनच खुश.

मग एकदा मी खटका दाबला आणि तार मधून लाल झाली. मधून, आणि मग दोन्ही टोकांकडे, सावकाश, सारखी.

माझ्या मागून बाबा वाकून बघू लागले. "हां," ते म्हणाले. एवढंच.

"आईंना काय सांगायचं?" कापूस ओवता ओवता मी विचारलं.

"काही नाही सांगायचं. तिने एवढा खटाटोप केलाय. तो वाया नाही घालवायचा."

फाटक करकरलं. मी कधी उठले आणि बाबा कधी खुर्चीत बसले, कळलंच नाही. चिमटा त्यांच्या हातात, नवी कॉइल बशीत, मी लेंकाला घेऊन चुलीपाशी.

"झाली का माझी किटली?" आई दारातूनच म्हणाल्या. धाप लागली होती.

"झाली," बाबा म्हणाले आणि त्यांनी कॉइल उचलून पुढे केली.

आईंनी ती घेतली, पण किटलीत बसवली नाही. खिडकीशी नेऊन, एक डोळा बारीक करून, नळीच्या तोंडातून आत पाहिलं. कारखान्यातल्या बायका पाहायच्या तसं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या बोटांवर तारेचे लाल वळ उठले होते, ती बोटं मी लेंकाच्या पाठीमागे नेली.

त्यांनी कॉइल बसवली, द्रव मुरेपर्यंत उभ्या राहिल्या आणि दारात जाऊन झुरका घेतला. या वेळी डोळे मिटले नाहीत. अंगणाकडे बघत राहिल्या. अमृत म्हणाल्या नाहीत. दुसरा झुरका घेतला. मग तिसरा.

बाबा वाट बघत होते. त्यांचा हात बशीच्या कडेवर होता आणि चिमट्याचं टोक बशीवर वाजत होतं, टिक टिक टिक, जुन्या घड्याळासारखं.

आई आत आल्या. त्यांच्याशेजारी बसल्या.

"तुझंच काम," त्या म्हणाल्या. "ओळखू येतं."

आणि चिमटा काढून घेत असल्यासारखा त्यांनी आपला हात बाबांच्या हातावर ठेवला. चिमटा काढला नाही. हातही काढला नाही, बशी वाजायची थांबेपर्यंत.