मागच्या सीटवरची झोप

आमच्या चाचणी विभागाचा एक जुना दंडक होता: नव्या पिढीची गाडी डोंगरातल्या वळणांवरून जीव तोडून पळवायची आणि त्या वेळी मागच्या सीटवर कुणीतरी झोपायचं. झोपणाऱ्याला गाडीनं जागं केलं, की ती नापास. शर्यतीचं रक्त असलं तरी ती चार दारांची होती. पुढच्याला वेगाची भूक आणि मागे कुणाचं तरी पेंगुळलेलं मूल, दोघांचंही तिला एकाच वेळी करावं लागे.

पहिली पिढी याच विभागात चाचणीचालक असलेल्या बाबांनी चालवली तेव्हा मागे झोपलेलं मूल मी होते. पत्र्याच्या डब्यासारखी चौकोनी गाडी. पण तिच्या सहा सिलिंडरांचा स्वर अजून माझ्या कण्यात मुक्कामाला आहे. दुसरी रुंद खांद्यांची, उद्धट, ओल्या रस्त्यावर शेपूट फेकणारी. तिसरी टर्बो लावून आली, जड झाली आणि स्वतःच विचार करू लागली. बाबा तिला ‘हुशार कपाट’ म्हणत, तरी तिच्या टपावरून हात फिरवल्याशिवाय पुढे जात नसत.

चौथीचं सस्पेन्शन, म्हणजे रस्त्याचे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगांची जोडणी, माझ्याकडे आलं. मी ते मऊ ठेवलं. चाकांनी रस्त्याशी भांडू नये, त्याचं ऐकून घ्यावं, अशी माझी धारणा. विभागप्रमुख साहेबांना ते कडक हवं होतं.

“वळणावर होडीसारखी डुलेल,” ते म्हणाले. “मागचा झोपेल कसला, ओकेल!”

वाद चिघळला, तेव्हा तो जुन्या दंडकावर सोडला गेला. गाडी पास झाली तर माझं सस्पेन्शन उत्पादनात जाणार, नापास झाली तर साहेबांचं. मागे झोपायला निवृत्त बाबांना बोलावलं.

“बाप पंच, मुलगी खेळाडू. कमाल आहे, दादा!” साहेब पुढे माझ्या शेजारी बसत म्हणाले.

“गाडीनं उठवलं, तर पहिला आरडाओरडा माझाच ऐकाल,” बाबा म्हणाले आणि मागे आडवे झाले.

मी निघाले. चढण संपून उतार लागला. दरीकडच्या तीव्र वळणावर अचानक धीर खचला. बाबांची झोप मोडू नये म्हणून मी वेग किंचित कमी केला.

“पाय का काढलास?” मागून आवाज आला.

साहेबांनी समाधानानं मान हलवली. “म्हणजे जागे झालात.”

“जागा झालो नाही, जागाच होतो,” बाबा उठून बसले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. “इतकी देखणी चाल अंगाखालून जात असताना झोपायचं म्हणजे करंटेपणा. मला नाही जमला. चाचणी बाद धरा. आता मागे तुम्ही या, साहेब. गाडी मी घेतो.”

“मला दिवसा झोप लागत नाही, दादा.”

“मग तर तुमचंच फावलं.”

मी गाडी कडेला थांबवली. साहेब मागे गेले, मी बाजूला सरकले. बाबांनी स्टिअरिंगवर बोटं ठेवली, पकडलं नाही. आणि गाडी सुटली. मी बांधलेली गाडी मला तेव्हा पहिल्यांदा दिसली. ती वळत नव्हती, वळणच तिच्याभोवती अलगद वाकत होतं. ब्रेक लागला की ती मान झुकवी, गुडघे टेकत नसे. पहिलीचा मोकळेपणा, दुसरीची गुर्मी, तिसरीची अक्कल, सगळी एका घरातल्या माणसांसारखी नांदत होती.

“बाई गं,” बाबा पुटपुटले, “हे कुठून काढलंस?”



पायथ्याशी गाडी थांबली. साहेब हनुवटी छातीवर टेकून स्वस्थ घोरत होते. इंजिन बंद होताच त्यांनी डोळे उघडले आणि शर्ट नीट केला.

“चला, निघायचं ना?”

साहेबांनी काच खाली केली, तापलेल्या ब्रेकांचा उग्र वास आत आला. मग ते खाली उतरले, चाकापाशी वाकून त्यांनी ऊब तळहातावर घेतली.

“सस्पेन्शन तुझंच ठेव,” ते मला म्हणाले, आणि बाबांना, “दादा, उतरा आता. मला चालवू द्या.”